आई झाल्यानंतरचा पहिला डोंगर: कळसूबाईची तयारी शून्यापासून

हा लेख अशा आईसाठी आहे जिने बाळंतपणानंतर, किंवा त्याच्याही आधीपासून, स्वतःसाठी म्हणून काही व्यायाम केलेला नाही. मूल आठ महिन्यांचं असेल, आठ वर्षांचं असेल, हरकत नाही. जिना चढताना धाप लागते, कंबर धरते, आणि "एकदा तरी डोंगर चढायचा होता गं" असं ती अधूनमधून बोलून दाखवते. तिने वीसेक आठवड्यांत कळसूबाईच्या शिखरावर कसं पोहोचावं, ते इथे क्रमाने सांगते.

कळसूबाईच का? महाराष्ट्रातलं ते सर्वात उंच शिखर आहे, 1646 मीटर. तरीही तिथे दोर, प्रस्तरारोहण असलं काही लागत नाही. वाट मळलेली आहे, अवघड कातळावर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. चालायची, चढायची आणि नीट उतरायची ताकद हवी, बस. आणखी एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. "मी फिट होणार आहे" असं म्हटलं की घरात कोणी मान वर करून बघत नाही. "नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी कळसूबाईला जाणार आहे" म्हटलं की आजेसासूंनाही कळतं की काहीतरी ठरलंय.

कळसूबाईची लोककथाही ऐकण्यासारखी आहे. कळसू नावाची मुलगी पायथ्याच्या गावात कामाला होती, पण अट घालून. अमुक काम करीन, त्यापलीकडचं करणार नाही. एके दिवशी तिला ठरल्यापलीकडचं काम सांगितलं, तशी ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. आज शिखरावर तिचं इवलंसं देऊळ आहे, आणि नवरात्रात गावोगावच्या बायका ओटी घेऊन चढतात. नऊवारी नेसलेल्या साठीच्या आजी शिड्या चढताना दिसतात तेव्हा आपल्या सबबी आपोआप गळून पडतात.

पहिली पायरी: तारीख ठरवा, वजन विसरा

कॅलेंडर काढा आणि वीस आठवड्यांनंतरचा एक शनिवार किंवा रविवार निवडा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पहिल्या चढाईला उत्तम. पावसाळ्यात कळसूबाई देखणी दिसते हे खरं, पण दगड निसरडे होतात, शिड्या ओल्या असतात, आणि शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात. एप्रिल-मे मध्ये ऊन सोसत नाही. म्हणजे जूनमध्ये तयारी सुरू केली तर दिवाळीच्या आसपास चढाई जमते. परीक्षा, लग्नसराई, सणवार बघूनच तारीख निवडा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फराळ सोडून डोंगर चढायला कोणालाच जमत नाही, आणि मग दोष स्वतःच्या माथी येतो.

वजन कमी करणं हे ध्येय ठेवू नका, असा माझा आग्रह आहे. वजनाचा काटा पाणी, पाळी, झोप, मीठ यांवर रोज वरखाली होतो, आणि स्तनपान चालू असेल तर त्याच्याकडे बघण्यात अजिबात अर्थ नाही. त्यापेक्षा हे मोजा: न थांबता किती मजले चढता आले, किती मिनिटं चाललात, आठवड्यातून किती दिवस घराबाहेर पडलात. वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा. तेवढं पुरे.

जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल दोन मुलींच्या आई. डोंगराशी त्यांची ओळख पस्तिशीनंतर झाली, तीही दलमा टेकडी चढण्याच्या स्पर्धेतून. पुढे एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल यांचं मार्गदर्शन मिळालं आणि 20 मे 2011 रोजी, वयाच्या 48व्या वर्षी, त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. आपल्याला एव्हरेस्ट गाठायचं नाही. पण सुरुवात एका टेकडीपासून होते, आणि ती उशिरा झाली तरी चालते, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

दुसरी पायरी: शरीराची विचारपूस

ही पायरी गाळू नका. आपल्याकडे बाळंतिणीची सव्वा महिना काळजी घेतात. शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं होतं. त्यानंतर मात्र तिच्या शरीराकडे कोणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनाकडे जातं.

बाळंतपणाला वर्षही झालं नसेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि सरळ सांगा, "मला डोंगर चढायचाय, तपासून द्या." सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत सहसा चालायची परवानगी मिळते. पळणं, उड्या मारणं हे मात्र किमान तीन महिने नको. सिझेरियन झालं असेल तर टाके वरून सुकले तरी आतले थर जुळायला जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पुढच्या तीन गोष्टी स्वतः तपासून बघा.

पहिली, लघवी. खोकताना, शिंकताना, हसताना थेंबभर लघवी होते का? खाली ओटीपोटात जड जड, काहीतरी उतरल्यासारखं वाटतं का? बायका हे वर्षानुवर्षं सोसतात, "बाळंतपणानंतर होतंच" म्हणून. नेहमी आढळतं, पण ते सोसत राहायची गरज नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तिच्यावर मूत्राशय आणि गर्भाशय पेललेले असतात. गरोदरपणात आणि प्रसूतीत ती ताणली जाते. तिचा व्यायाम असा: लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखून धरतोय अशा पद्धतीने स्नायू आत-वर ओढा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, मांड्या आणि पार्श्वभाग आवळू नका. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. भाजी निवडताना, लोकलमध्ये बसल्या जागी, कुठेही होतो. जडपणा जात नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा, आता शहरांत त्या भेटतात.

दुसरी, पोटाची फट. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर सरकतात. काहींच्या बाबतीत ते नंतरही पुरते जवळ येत नाहीत. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. दोन्ही बाजूंच्या कडक कडांमध्ये दोनपेक्षा जास्त बोटं मावत असतील, किंवा पोट मधोमध उंचवट्यासारखं वर येत असेल, तर पोटाचे जोर देणारे व्यायाम, विशेषतः पाठीवरून उठून बसण्याचे, सध्या बंद. आधी सल्ला घ्या. पोट सुटलंय म्हणून यूट्यूबवर बघून नेमके हेच व्यायाम सुरू केले जातात, आणि फट आहे तशीच राहते.

तिसरी, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 दरम्यान, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, 54 टक्क्यांच्या आसपास. हिमोग्लोबिन 12च्या खाली असेल तर धाप लागण्याचं कारण आळस नाही, रक्त आहे. रक्ताच्या साध्या तपासणीसोबत थायरॉइड, बी-12 आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं काही दुर्मीळ नाही, आणि शाकाहारी घरांत बी-12 कमी सापडणं तर नेहमीचंच. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

मनाचंही विचारायला हवं. बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, झोप मिळाली तरी झोपवत नाही, असं असेल तर डोंगर थांबू शकतो. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. चालण्याने मन हलकं होतं हे खरं, पण ते उपचाराच्या जागी वापरू नये.

तिसरी पायरी: घरातला तास

सगळ्यात कठीण चढ इथे आहे. गुडघे तयार होतात, फुप्फुसं तयार होतात, घर तयार व्हायला वेळ लागतो.

"वेळ मिळाला की जाईन" या वाक्यावर कोणाचाही व्यायाम झालेला नाही. आईच्या दिवसात मोकळा तास पडून नसतोच. मोकळा झाला की त्यात धुणं येतं, शाळेचा प्रोजेक्ट येतो, गॅसवाला येतो. म्हणून वार आणि वेळ ठरवायची, मोठ्याने सांगायची आणि फ्रिजवर लिहून लावायची. आठवड्यातून तीन सकाळी आणि रविवारी दोन-अडीच तास, सुरुवातीला एवढं मागा.

मागायचं कसं, तेही लिहिते, कारण आपण बऱ्याचदा तिथेच अडतो. "मला जरा बाहेर जायचं होतं, चालेल का?" असं विचारलं की समोरचा "आज नको" म्हणू शकतो. त्याऐवजी:

"आई, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी सहा ते सात मी चालायला जाणार आहे. बाळ उठला तर दूध फ्रिजमध्ये उजव्या कप्प्यात आहे, वाटी-चमचा ओट्यावर आहे. त्याचे बाबा घरात आहेत, ते बघतील. तुम्ही नेहमीसारखा चहा घ्या, पूजा करा."

या बोलण्यात काय झालं बघा. सासूबाईंवर काम टाकलं नाही, उलट त्यांना मोकळं केलं. बाळ कोणाकडे आहे ते स्पष्ट केलं. आणि परवानगी मागितली नाही, माहिती दिली, तीही मान राखून. बऱ्याच घरांत सासूबाई विरोध करतात त्यामागे "म्हणजे आता सगळं माझ्या अंगावर येणार" ही धास्ती असते. ती आधी काढून टाका, मग त्याच इतर बायकांना "आमची सून डोंगर चढणार आहे" म्हणून सांगत सुटतील.

नवऱ्याशी बोलणं वेगळं. त्याला डबा, लंगोट, शाळेची बस, औषधाची वेळ अशी यादी लिहून देऊ नका. यादी दिली की विचार करायचं काम परत तुमच्याकडेच राहतं. दोन शनिवार तुम्ही घरात असतानाच तो तास त्याच्या ताब्यात द्या आणि दुसऱ्या खोलीत बसा. बाळाला स्वेटर उलटा घातला तर घालू दे. बाहेर गेल्यावर फोन आला, "तो रडतोय, काय करू?" तर धावत परत येऊ नका, तापाबिपाची वेळ सोडली तर. दोन-तीन आठवड्यांत बाप-लेकाचं आपलं आपण जुळतं. त्यातून त्यांना जे मिळतं ते तुमच्या डोंगराइतकंच मोलाचं आहे.

घरात दुसरं कोणी नसेल, एकटीने मूल वाढवत असाल, किंवा नवरा परगावी असेल, तर मार्ग निराळे. शेजारच्या आईशी अदलाबदल करा: मंगळवारी तिचं मूल माझ्याकडे, गुरुवारी माझं तिच्याकडे. पाळणाघरातून मूल आणायच्या आधीची चाळीस मिनिटं वापरा. ऑफिसच्या इमारतीत जेवणाच्या सुट्टीत जिने चढा. बाळाला गाडीत घालून सपाट रस्त्याने चाला. आणि पहाटे एकटीने टेकडीवर जाऊ नका, दोघी-तिघी जमवा. सुरक्षिततेसाठी तर हवंच, शिवाय खाली कोणी वाट बघत उभी असली की पांघरूण लवकर निघतं.

चौथी पायरी: वीस आठवडे

कळसूबाईला पायथ्याच्या बारी गावातून वर जाताना साधारण आठशे ते नऊशे मीटरचा चढ आहे. इमारतीच्या मजल्यांत मोजला तर पावणेतीनशे ते तीनशे मजले. आकडा बघून घाबरू नका, पण विसरूही नका. कारण नुसतं सपाट बागेत चालून हा डोंगर होत नाही, चढायचीच सवय करावी लागते.

पहिले चार आठवडे फक्त चाला. आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू चाळीस मिनिटांपर्यंत. वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण झालेल्या स्त्रियांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चौथ्या आठवड्याअखेर तुम्ही तिथे पोहोचलेल्या असाल.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात जिने आणा. आठवड्यातून दोन दिवस, पाच मजले चढून उतरायचं, असे चार फेरे. आठव्या आठवड्यापर्यंत चाळीस मजले एका वेळी झाले की छान. लिफ्ट फक्त बाळ कडेवर असेल तेव्हा. पुण्यातल्या मैत्रिणींना पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेत, ठाण्याला येऊरचे रस्ते, नाशकात पांडवलेणी, साताऱ्याला अजिंक्यतारा. गावाकडे असाल तर देवाची टेकडी असतेच.

याच काळात घरी आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. साधने नकोत. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, बारा वेळा. भिंतीला हात लावून जोर, दहा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं, बारा. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, पंधरा. हे सगळं दोन-तीन वेळा.

आणि एक व्यायाम असा आहे जो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो आणि सहसा कोणी करत नाही. जिन्याच्या सर्वात खालच्या पायरीवर उभ्या राहा. उजवा पाय पायरीवरच ठेवून डावी टाच इतक्या सावकाश खाली न्या की जमिनीला टेकायला तीन-चार सेकंद लागतील. टाच जमिनीला नुसती लागू द्या, भार देऊ नका, आणि उजव्या पायाच्या ताकदीने पुन्हा वर या. उजवा गुडघा आत वळतोय का ते बघा, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. सुरुवातीला मांडी थरथरते, भिंतीचा आधार घ्या. प्रत्येक पायाने आठ वेळा. डोंगरावर गुडघे दुखतात ते बहुतेक उतरताना, आणि उतरताना शरीर पेलायचं असतं ते याच स्नायूंना.

नवव्या ते चौदाव्या आठवड्यात रविवारची लांब फेरी सुरू करा. दीड तासापासून तीन तासांपर्यंत न्या, टेकडीवरून, पाठीवर पिशवी घेऊन. पिशवीत आधी एक लिटर पाणी, नंतर दोन, मग खाऊ आणि जास्तीचे कपडे, असं करत चार किलोपर्यंत. बाळ कडेवर घेऊन चढू नका. दहा किलोचं वळवळणारं ओझं एका बाजूला घेऊन सराव होत नाही, कंबर मात्र जाते.

पंधराव्या ते अठराव्या आठवड्यात दोन रंगीत तालमी. सिंहगड आतकरवाडीतून चढलात तर साधारण सहाशे मीटरचा चढ मिळतो. न बसता, सावकाश, दीड-दोन तासांत वर गेलात आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, तर कळसूबाईला तुम्ही तयार आहात. मुंबई-नाशिककडच्यांनी आपल्या जवळचा तेवढ्याच चढाचा गड निवडावा. लोहगड पायऱ्यांचा आणि सोपा आहे, पहिल्या तालमीसाठी चांगला, पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

शेवटचे दोन आठवडे कमी करा. चाला, जिने थोडे, झोप भरपूर. ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांना "भरपूर झोप" वाचून वाईट वाटेल, ठाऊक आहे. निदान चढाईच्या आदल्या दोन रात्री तरी बाळ दुसऱ्या कोणाच्या कुशीत जाईल अशी सोय करा.

मध्ये खंड पडणारच. मुलाला ताप येईल, पाहुणे येतील, कामवाल्या ताई सुट्टीवर जातील. एक आठवडा बुडाला तर आधीचाच आठवडा पुन्हा करा. तीन बुडाले तर चार आठवडे मागे जा आणि तारीख पुढे ढकला. राहिलेलं एकदम भरून काढायला जाऊ नका, दुखापती त्यातूनच होतात. छातीत दुखलं, चक्कर आली, बाळंतपणानंतर थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तर थांबा आणि डॉक्टर गाठा. पुन्हा दिवस गेल्याची शंका असेल तरीही आधी विचारा.

पाचवी पायरी: ताट

इथे फार लिहीत नाही, कारण उत्तर बहुतेक घरातच आहे. अडचण एवढीच की आई ते सगळ्यांना वाढून झाल्यावर, उरलंसुरलं खाते. तयारीच्या काळात सगळ्यांबरोबर ताटावर बसा. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, उसळ, अंडी, मासे, पनीर किंवा दही असं काहीतरी हवंच. नाचणीची भाकरी कॅल्शियमसाठी फार चांगली. अळीव, पालेभाज्या, काळे मनुके लोहासाठी, आणि त्यावर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला की तेच लोह वाया जातं, म्हणून चहा तासाभराने.

स्तनपान करत असाल तर पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. अशा वेळी रात्रीचं जेवण सोडणं, भात बंद करणं हे प्रकार नकोत. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. बाळाला पाजूनच बाहेर पडा, तुम्हालाही हलकं वाटतं.

सहावी पायरी: बूट, कपडे आणि जे कोणी सांगत नाही ते

पैसे खर्च करायचेच तर आधी बुटांवर आणि व्यायामाच्या ब्रावर. बाकी जुना सलवार-कमीजही चालतो, फक्त ओढणी नको, शिडीत अडकते. बुटाचा तळ खाचांचा आणि मऊ रबराचा हवा. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं वापरले जातात आणि खिशाला परवडतात. बाळंतपणानंतर पायाचं माप बऱ्याच जणींचं वाढतं, त्यामुळे जुन्या मापाने ऑनलाइन मागवू नका. संध्याकाळी, मोजे घालून, दुकानात चालून बघा. पुढे अंगठ्यापाशी अर्धं बोट जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. नवे बूट तालमीला आधी वापरा. पायाची नखं आदल्या आठवड्यात कापा. हातात एक काठी ठेवा, साधी बांबूची चालेल.

आता लघवीचं. आडोसा मिळणार नाही म्हणून बायका डोंगरावर पाणीच पीत नाहीत. त्यातून डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, नंतर लघवीला जळजळ होते. पाणी प्या. बारीत घरांमधून स्वच्छतागृहाची सोय होते, तिथून निघा. वाटेत गरज लागली तर दोघी ओढणी-चादर धरून उभ्या राहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाळीची तारीख त्याच दिवशी येत असेल तर सरावातल्या एखाद्या लांब फेरीला पाळीत जाऊन बघा, म्हणजे आपल्याला काय झेपतं ते कळेल. वापरलेले पॅड बंद पिशवीतून खाली आणायचे, झुडपात टाकायचे नाहीत.

सातवी पायरी: चढाईचा दिवस

बारी गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ आहे. मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वे आणि पुढे जीप किंवा एसटी. तान्हं मूल असेल तर मी सांगेन, सगळं घरच घेऊन आदल्या दिवशी भंडारदऱ्याला मुक्कामाला या. बाळ बाबांबरोबर धरणाकाठी खेळेल, तुम्ही पाजून निघाल आणि दुपारनंतर परत याल. बाळ पूर्णपणे अंगावर पीत असेल तर एवढा वेळ दूर राहायची घाई करू नका, ते वरचं खायला रुळू द्या. काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवायची सोय आहे का, ते मुक्काम ठरवतानाच विचारा. प्रवासात एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, तिथे निवांत पाजता येतं.

पहिल्या वेळी रात्रीची चढाई नको, कोणी कितीही सूर्योदयाची भुरळ घातली तरी. झुंजूमुंजू होताना निघा. गावातल्या एखाद्या वाटाड्याला सोबत घ्या, त्यांना डोंगराची खडान्‌खडा माहिती असते आणि गावात चार पैसेही राहतात. परतल्यावर पिठलं-भाकरीचं जेवण जाण्यापूर्वीच सांगून ठेवा.

सुरुवातीला शेतं लागतात, मग चढ सुरू होतो. पहिला अर्धा तास मुद्दाम रेंगाळत चाला. तरुण पोरं पुढे पळतील, पळू द्यात. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, दर तासाला मूठभर काहीतरी: शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळ-पोळी. शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, काठी पिशवीला बांधा आणि फोन आत टाका. एक हात सुटला तर दुसरा पक्का, एका वेळी एकच पाऊल. समोरच्या पायरीवर नजर ठेवा. वरून उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या. शिखराच्या अलीकडे एक विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका, तीन लिटर पाणी स्वतःजवळ ठेवा. तीन ते चार तासांत वर पोहोचाल. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतात, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी.

दुपारी बारा वाजले आणि शिखर अजून लांब असेल तर परत फिरा. डोंगर पुढच्या महिन्यातही तिथेच असतो. उतरताना गुडघे किंचित वाकवलेले ठेवा, छोटी पावलं टाका आणि गप्पांच्या नादात वेग वाढू देऊ नका, दमलेल्या पायांचा घात खाली गाव दिसायला लागल्यावरच होतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या धरतील. झोपून राहू नका, थोडं चाला, गरम पाण्याने अंघोळ करा. दोन दिवसांत उतरतं. तिसऱ्या दिवसानंतरही एखाद्याच सांध्यात दुखत असेल, सूज असेल, तर दाखवून घ्या.

आणि पुढच्या आठवड्यात फ्रिजवरचा कागद काढू नका. कळसूबाई झाली म्हणून त्या तीन सकाळी घराला परत करायच्या नाहीत. त्यावर पुढची तारीख लिहा. रतनगड जवळच आहे. हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेने सोपा पडतो. डोंगर नको वाटला तर पोहायला शिका, दहा किलोमीटर पळायची तयारी करा, अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करा. तास तोच वापरायचा.